नदीकाठची इमारत आणि पाण्यातलं प्रतिबिंब: कृष्णधवल फिल्मवर फोटो काढताना

पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे वरच्या इमारतीची उलटी प्रत, असं धरून फोटो काढला की कृष्णधवल फिल्मवर बहुधा निराशा होते. प्रतिबिंब इमारतीपेक्षा काळोखं असतं, ते किंचित वेगळ्या कोनातून दिसतं आणि वाऱ्याच्या एका झुळकीनं मोडतं. या तीन गोष्टी नीट समजल्या की पुढचं बरंचसं काम सवयीचं आहे. ज्यांनी नुकताच फिल्म कॅमेरा हातात घेतला आहे आणि ज्यांची शटर, ॲपर्चर, आयएसओ या तिघांशी तोंडओळख झाली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लेखात ‘स्टॉप’ हा शब्द सारखा येईल. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

फिल्म कोणती घ्यायची

सुरुवातीला आयएसओ ४०० ची फिल्म घ्या. इलफोर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स ४०० यांपैकी कुठलीही चालेल. दोन्ही जुन्या, खात्रीच्या फिल्म आहेत आणि एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा एकूण प्रकाश, थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतात. विशेषतः प्रकाश जास्त पडला तर. कमी पडलेला प्रकाश मात्र कुठलीच फिल्म भरून काढू शकत नाही. निगेटिव्हवर जे उमटलंच नाही ते प्रिंटमध्ये कुठून येणार? प्रतिबिंबाच्या फोटोत हा मुद्दा कळीचा आहे, त्याकडे पुढे येऊच.

हात बसला की आयएसओ १२५ ची एफपी४ प्लस वापरून पाहा. तिचा ग्रेन, म्हणजे प्रिंटमध्ये दिसणारे दाणे, बारीक आहे, आणि निवांत पाण्याचा मोठा पट्टा प्रिंटमध्ये किती गुळगुळीत दिसतो यात तो फरक कळतो. पण तिच्यासोबत ट्रायपॉड आलाच. डेल्टा किंवा टी-मॅक्स या घराण्यातल्या फिल्म सुंदर आहेत, मात्र धुलाईतला वेळ आणि तापमान अचूक हवं, म्हणून त्या पहिल्याच रोलसाठी नकोत. घरी फिल्म धुण्याची सोय नसेल आणि जवळ फक्त रंगीत फिल्म धुणारी लॅब असेल, तर इलफोर्ड एक्सपी२ सुपर हा उत्तम मार्ग आहे. ती कृष्णधवल असली तरी रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेतच धुतली जाते.

बाकी सामान मोजकंच लागतं: ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार), लेन्सवर हूड, कोरडा सुती रुमाल आणि छोटी वही. लेन्स ३५ किंवा ५० मिलिमीटरची पुरते. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनं प्रतिबिंब हा पाण्याखालचा दुसरा देखावा आहे, त्यामुळे फ्रेममध्ये एकाच इमारतीच्या दुप्पट उंचीची सोय करावी लागते. म्हणूनच कॅमेरा बरेचदा उभा धरावा लागतो. मध्यम फॉर्मेटचा, म्हणजे ३५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या फिल्मचा, चौकोनी फ्रेम देणारा कॅमेरा मिळाला तर या विषयाला तो फार शोभतो. १२० च्या रोलवर अशा १२ फ्रेम येतात, त्यामुळे माणूस विचार करून शटर दाबतो.

आधी कॅमेऱ्याशिवाय जाऊन या

नदीकाठावर एक फेरी रिकाम्या हातानं मारा. तीन गोष्टी बघायच्या आहेत. सूर्य कुठल्या बाजूनं येतो, पाणी कुठे संथ आहे, आणि रंग काढून टाकले तर इमारत तिच्या पार्श्वभूमीपासून सुटी दिसेल का?

शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. तांबूस विटांची भिंत आणि तिच्यामागची हिरवी झाडं डोळ्यांना लख्ख वेगळी दिसतात, पण करड्या छटेत दोन्ही जवळपास सारखीच येऊ शकतात. मग इमारत झाडीत विरघळते आणि प्रतिबिंबात तर काहीच कळत नाही. डोळे बारीक मिटून पाहिलं की रंग मागे पडतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. त्या तुकड्यांमध्ये इमारतीचा आकार ओळखू आला तर फोटो होईल. नाही आला तर चार पावलं बाजूला सरका, किंवा भिंतीवर ऊन येईल अशा वेळी परत या.

संथ पाणी सगळीकडे नसतं. पुलाच्या खांबांच्या आडोशाला, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो. भर प्रवाहात पाणी खळखळत असताना काठाजवळच्या एवढ्याशा डबक्यात पूर्ण इमारत दिसते, असंही होतं. पाण्याचा रंगही बघून ठेवा. प्रतिबिंबाच्या काळोख्या भागातून आपल्याला पाण्याच्या आतलं दिसतं. पाणी गढूळ असेल तर तिथे काळ्याऐवजी मातकट करडा पडदा येतो आणि प्रतिबिंब फिकं, धुरकट वाटतं. यावर उपाय सावलीचा. समोरच्या काठावरची इमारत उन्हात आणि आपल्या पुढ्यातलं पाणी सावलीत, ही जुळणी सर्वांत चांगली. पाण्यावर थेट ऊन नसलं की गाळ उजळत नाही आणि उजळ भिंतीचं प्रतिबिंब ठसठशीत उतरतं.

आणखी एक. काही ठिकाणी पूल, धरणं, पाणीपुरवठ्याच्या इमारती यांचे फोटो काढायला मनाई असते. फलक वाचा, शंका असेल तर तिथल्या माणसाला विचारा. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, त्यामुळे व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एकही पाऊल मागे-पुढे टाकायचं नाही. आधी पाय, मग कॅमेरा.

वारा आणि वेळ

रात्रभर जमीन थंड झाल्यामुळे पहाटे जमिनीलगतची हवा सहसा स्थिर असते. सूर्य वर आला, जमीन तापली की वारा सुटतो आणि पाण्यावर कातडीसारखी बारीक सुरकुती पसरते. त्यामुळे उजाडण्यापासून पुढचा तासभर हा आपला मुख्य वेळ. सूर्यास्तानंतरही वारा बऱ्याचदा पडतो.

झुळूक आली म्हणून लगेच गाशा गुंडाळू नका. पाण्यावर नजर ठेवली की वाऱ्याची लय कळते. झुळुकीमागून झुळूक येते आणि मध्ये काही क्षण पाणी सपाट होतं. कॅमेरा लावून, शटर चढवून, केबल रिलीज हातात घेऊन उभं राहायचं. बोट तयार असेल तरच तो क्षण मिळतो.

किंचित तरंग असतील तर तेही मला आवडतं. तरंगांमुळे प्रतिबिंब उभ्या दिशेनं लांबतं. मनोरा, खांब, चिमणी अशा उभ्या आकारांचे लांबच लांब पट्टे पाण्यावर उतरतात, आणि आडव्या रेषा, म्हणजे छज्जे, कठडे, खिडक्यांच्या रांगा, तुटून जातात. तेव्हा तरंग असलेल्या दिवशी उंच, अरुंद इमारत निवडावी आणि आरशासारख्या पाण्याच्या दिवशी भरपूर बारकावे असलेली रुंद इमारत.

कॅमेरा कुठे लावायचा

नदीसमोर उभं राहून कॅमेरा वर वळवला की इमारतीच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. प्रतिबिंबाचा फोटो घेताना या अडचणीतून आपोआप सुटका होते. वर इमारत, खाली तिचं प्रतिबिंब, दोन्ही फ्रेममध्ये हवेत म्हटल्यावर कॅमेरा सरळ, जमिनीला समांतरच धरावा लागतो. फिल्मचं प्रतल उभं राहिलं की वरच्या भिंतीही सरळ येतात आणि खालच्याही. क्षितिज फ्रेमच्या मध्यावर घेऊ नये असा सल्ला नवख्यांना नेहमी दिला जातो. इथे तो खुशाल बाजूला ठेवा. ट्रायपॉडच्या डोक्यावरचा पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणा, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये भिंतीची एक कड फ्रेमच्या कडेशी ताडून बघा.

कॅमेऱ्याच्या उंचीचा परिणाम मात्र नीट समजून घ्यायला हवा. आपला कॅमेरा पाण्याच्या वर जितका आहे, तितकाच पाण्याखाली दुसरा कॅमेरा ठेवून वर पाहिलं तर जे दिसेल, ते प्रतिबिंबात दिसतं. म्हणूनच छज्जाच्या किंवा पुलाच्या कमानीच्या खालची बाजू वरच्या चित्रात दिसत नाही, पण पाण्यात दिसते. इमारत काठाला अगदी लागून असेल तर उंचीचा फरक फारसा जाणवत नाही. ती काठापासून मागे असेल तर मात्र उंच पुलावरून पाहताना मधली काठाची भिंत प्रतिबिंबात इमारतीचे खालचे मजले गिळून टाकते. अशा वेळी खाली, पाण्याजवळ उतरा. ट्रायपॉडचे पाय पसरून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला तरी चित्र बदलतं.

प्रकाश मोजणं: इथे घाई नको

प्रतिबिंब काळोखं का असतं, हे आधी. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परत फिरतो, बाकीचा आत जातो. नजर जितकी पाण्याला लागून तिरकी, तितका परत येणारा प्रकाश जास्त. पाण्याशी १५ अंशांचा कोन असताना सुमारे २१ टक्के, ५ अंशांना सुमारे ५८ टक्के. कॅमेऱ्याच्या भाषेत पहिल्या ठिकाणी सव्वादोन स्टॉपची घट, दुसऱ्या ठिकाणी पाऊण स्टॉपची.

आता हे प्रत्यक्ष दृश्यावर बसवून बघू. नदी ६० मीटर रुंद, समोर १५ मीटर उंच इमारत, आपण पाण्यापासून २ मीटर उंचीवर. इमारतीच्या पायाचं प्रतिबिंब आपण साधारण २ अंशांच्या कोनातून पाहतो, त्यामुळे ते जवळजवळ मूळ पायाइतकंच उजळ असतं. छताचं प्रतिबिंब मात्र साधारण १६ अंशांतून दिसतं आणि तिथे दोन स्टॉपहून जास्त घट होते. म्हणजे पाण्यातली इमारत सगळीकडे सारखी काळोखी नसते. काठाशी ती उजळ असते आणि आपल्याकडे येता येता, छताकडे, गडद होत जाते. पुढच्या वेळी नदीवर गेलात की हे मुद्दाम निरखून बघा. आपले डोळे हा फरक जुळवून घेतात, फिल्म घेत नाही.

कॅमेऱ्यातला मीटर समोर जे येईल ते मध्यम करडं आहे असं धरून आकडा देतो. फ्रेममध्ये भरपूर आकाश असलं की तो फसतो आणि कमी एक्स्पोजर सुचवतो. म्हणून दृश्याचे तुकडे वेगवेगळे मोजायचे. स्पॉट मीटर, म्हणजे दृश्याचा अगदी छोटा भाग मोजणारा मीटर, असेल तर सोपं आहे. नसेल तर लांब लेन्स लावून किंवा फ्रेम फक्त त्या भागावर नेऊन मोजा.

समजा सकाळचं कोवळं ऊन आहे, फिल्म आयएसओ ४००, ॲपर्चर एफ/८ वर कायम. मीटर असे आकडे देतो: वरच्या मजल्याची उन्हातली फिकी भिंत १/१०००. तिच्याच शेजारी, छपराखालच्या सावलीतली गॅलरी १/१२५. पाण्यात त्या भिंतीचं प्रतिबिंब १/२५०. पाण्यात त्या गॅलरीचं प्रतिबिंब १/३०.

सगळ्यात काळोखा, पण तपशील हवाच असा भाग म्हणजे गॅलरीचं प्रतिबिंब. मीटरच्या १/३० वर फोटो घेतला तर ते मध्यम करडं येईल, जे आपल्याला नकोय. ते गडद, पण आतलं कळेल असं हवं. त्यासाठी मीटरपेक्षा दोन स्टॉप कमी द्यायचे: १/३० वरून १/६०, तिथून १/१२५. ठरलं, एफ/८ ला १/१२५. आता उलटा हिशेब करून बाकीचे भाग तपासा. भिंतीचं प्रतिबिंब मध्यम करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ येईल, छान. गॅलरी स्वतः मध्यम करडी. उन्हातली भिंत तीन स्टॉप वर, म्हणजे पांढऱ्याच्या अगदी जवळ, पोत जेमतेम शिल्लक. निगेटिव्हवर ती घनदाट येईल आणि धुलाईचा वेळ थोडा कमी करून तिला आवरता येईल. याउलट सगळ्या दृश्याची सरासरी धरून मीटरनं १/५०० सांगितलं असतं आणि आपण ते ऐकलं असतं, तर वरची इमारत देखणी आली असती, पण गॅलरीचं प्रतिबिंब चार स्टॉप खाली जाऊन निव्वळ काळं झालं असतं.

ही पद्धत अँसल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास बांधलेल्या झोन सिस्टिममधून, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडून एक्स्पोजर ठरवण्याच्या रीतीतून, आली आहे. पूर्ण झोन सिस्टिम शिकायला वेळ लागतो. पण ‘सर्वांत गडद हव्या त्या तपशिलावर मीटर धरा आणि दोन स्टॉप कमी करा’ हे एक वाक्य पाठ केलं तरी नव्वद टक्के गरज भागते, असं माझं ठाम मत आहे. मीटरच नसेल तर लख्ख उन्हात एफ/१६ आणि आयएसओइतकं शटर, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००, हा जुना नियम आहेच. प्रतिबिंब महत्त्वाचं असेल तेव्हा त्यावर एक ते दोन स्टॉप वाढवून द्या.

फिल्म वाया जाईल ही भीती सोडून, चांगल्या दृश्याच्या दोन फ्रेम घ्या: एक ठरवलेल्या आकड्यावर, एक त्याहून एक स्टॉप जास्त. एक स्टॉप कमी असलेली तिसरी फ्रेम घेण्यात या विषयात अर्थ नाही.

फिल्टर

पिवळा फिल्टर निळं आकाश जरासं गडद करतो आणि साधारण एक स्टॉप खातो. नारिंगी दोनच्या आसपास, लाल तीन. विटांच्या किंवा तांबूस दगडाच्या इमारतीला नारिंगी फिल्टर मनापासून सुचवेन, कारण तो विटा उजळ करतो आणि मागचं निळं आकाश खाली आणतो. इमारत पुढे येते. पाण्यात पडलेलं आकाशही त्यामुळे आणखी गडद होतं, हे विसरू नका. लाल फिल्टरनं ते अनेकदा पार काळं होतं आणि इमारतीचं टोक त्या काळ्यात हरवतं. ढगाळ दिवशी आकाश करडंच असतं, तिथे यातला कुठलाच फिल्टर आकाशाला काही करणार नाही.

पोलरायझर या कामासाठी घरीच ठेवा. पाण्यावरची चमक घालवणं हेच त्याचं काम, आणि आपल्याला तीच हवी आहे. पाण्याशी ३७ अंशांचा कोन असताना तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकू शकतो. शिवाय दीड-दोन स्टॉप जातात ते वेगळेच.

फोकस

पाण्याच्या पृष्ठभागावर फोकस केला तर तरंगणारी पानं स्पष्ट येतील आणि प्रतिबिंब मऊ येईल. प्रतिबिंबातली इमारत फोकसच्या दृष्टीनं पाण्याच्या पृष्ठभागापलीकडे, खऱ्या इमारतीइतकीच लांब असते. त्यामुळे फोकस इमारतीवर करा, प्रतिबिंब आपोआप जुळतं. जवळची पानं किंवा काठावरचं गवतही हवं असेल तर ॲपर्चर लहान करत जा: ३५ मिलिमीटर फिल्मवर ५० ची लेन्स एफ/११ ला ठेवून साडेसात मीटरवर फोकस केला, तर पावणेचार-चार मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ऑटोफोकस असेल तर बंद करा. तो पाण्यावरच्या काडीकचऱ्याला धरून बसतो.

शटर आणि लांबलेलं एक्स्पोजर

तरंग असलेल्या पाण्यात १/१२५ ला प्रतिबिंबाचे तुकडे गोठतात, पाव ते एक सेकंदात ते एकमेकांत मिसळतात, आणि दहा सेकंदांच्या पुढे पाणी मऊ, सपाट होऊन त्यात इमारतीचा ढोबळ आकार तेवढा उरतो. यातलं काय हवं हे दृश्य ठरवतं. कोरीवकाम असलेल्या इमारतीला मला जलद शटर आवडतं. साध्या, ठोकळ्यासारख्या आकारांना लांब एक्स्पोजर शोभतं.

एक सेकंदाच्या पुढे गेलं की फिल्मची संवेदनशीलता घटू लागते. म्हणजे मीटरनं १० सेकंद सांगितले तर १० सेकंद पुरत नाहीत. इलफोर्डनं यासाठी सूत्र दिलं आहे: मोजलेल्या वेळेचा ठरावीक घात घ्यायचा, एचपी५ प्लससाठी १.३१ आणि एफपी४ प्लससाठी १.२६. हिशेब करून वहीत लिहून ठेवा. एचपी५ प्लसला ४ सेकंदांचे ६, १० चे २० आणि ३० चे ८६ सेकंद होतात. एफपी४ प्लसला १० चे १८, ३० चे ७३. हे आकडे पाळले नाहीत तर पहिला बळी प्रतिबिंबातल्या सावल्यांचा जातो, कारण त्या आधीच उपाशी असतात.

पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या दिव्यांच्या वेळी, उजळलेल्या इमारतीला आयएसओ ४०० आणि एफ/८ वर साधारण १ ते ४ सेकंद इथून सुरुवात करता येते. आकाशात थोडा उजेड शिल्लक असतानाच घ्या. पूर्ण अंधारात इमारतीची बाह्यरेषा आकाशात मिसळते आणि पाण्यावर फक्त दिव्यांच्या उभ्या रेघा उरतात.

रोल धुताना

मोकळं आकाश आणि निवांत पाणी हे निगेटिव्हवरचे दोन मोठे, सपाट पट्टे असतात, आणि धुलाईतली प्रत्येक चूक तिथे उघडी पडते. गर्दीच्या फोटोत न दिसणारा धुळीचा कण किंवा पाण्याचा डाग इथे नजरेत भरतो. म्हणून या रोलला जास्त निगुतीनं धुवा.

एचपी५ प्लससाठी आयडी-११ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन), एकास एक पाणी घालून, २० अंश सेल्सियसला १३ मिनिटं हा नेहमीचा वेळ. टँक (फिल्म धुण्याचं बंद भांडं) दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा सावकाश उलटायचा आणि मग तळ हलकेच आपटायचा, म्हणजे बुडबुडे सुटतात. फार जोरात किंवा सतत हलवत राहिलात तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक, वाढतो, आणि फिल्मच्या कडेच्या स्प्रॉकेटच्या भोकांतून घुसणाऱ्या प्रवाहाच्या रेघा आकाशात उमटू शकतात. वर सांगितलेल्या उन्हाच्या दृश्यासारखा कॉन्ट्रास्ट जास्त असेल तर १३ ऐवजी ११ मिनिटं द्या. भिंत आवरली जाते आणि सावल्यांवर फारसा परिणाम होत नाही. ढगाळ, सपाट प्रकाशातला रोल असेल तर साडेचौदा-पंधरा मिनिटांपर्यंत वाढवा. अर्थात एका रोलला वेळ एकच मिळतो, त्यामुळे शक्यतो एक रोल एकाच प्रकारच्या उजेडात संपवा. सकाळच्या उन्हातल्या निम्म्या फ्रेम आणि धुक्यातल्या निम्म्या, अशी सरमिसळ झाली की कुणालाच न्याय मिळत नाही.

स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं), धुणं हे नेहमीप्रमाणे. शेवटच्या पाण्यात मात्र वेटिंग एजंटचे (पाणी डाग न सोडता ओघळू देणाऱ्या द्रव्याचे) थेंब घाला, तो सांगितल्यापेक्षा जास्त नको, आणि फिल्म धूळ नसलेल्या बंद खोलीत लटकवा. न्हाणीघरात आधी गरम पाणी सोडून वाफ केली तर हवेतली धूळ खाली बसते.

लॅबला रोल देत असाल तर तोंडी न सांगता पाकिटावर लिहा: कुठली फिल्म, कुठल्या आयएसओवर वापरली, कॉन्ट्रास्ट जास्त की कमी.

निगेटिव्ह वाचणं आणि प्रिंट करणं

वाळलेलं निगेटिव्ह खिडकीसमोर धरा आणि आधी प्रतिबिंबातल्या सावल्या शोधा, म्हणजे सगळ्यात पारदर्शक भाग. तिथे भिंगातून पाहिल्यावर खिडकीची चौकट, कठड्याची रेघ असं काही दिसत असेल तर एक्स्पोजर बरोबर होतं. नुसती स्वच्छ फिल्म दिसत असेल तर पुढच्या रोलला एक स्टॉप वाढवा. वहीतल्या नोंदींचा उपयोग नेमका इथे होतो. ॲपर्चर, शटर, कुठे मोजलं आणि वारा कसा होता एवढं लिहिलेलं असलं की कॉन्टॅक्ट शीटसमोर (सगळ्या फ्रेमच्या छोट्या प्रिंटच्या कागदासमोर) बसून प्रत्येक फ्रेमचा हिशेब लागतो.

प्रिंट करताना किंवा स्कॅन केलेली फाइल सुधारताना एक मोह फार होतो: प्रतिबिंब उजळत उजळत इमारतीच्या बरोबरीला आणायचं. असं करू नका. प्रतिबिंब मूळ इमारतीपेक्षा गडद असतं हे बघणाऱ्याला शब्दांत सांगता येत नसलं तरी जाणवतं, आणि दोन्ही सारखी उजळ केली की पाणी पाणी वाटत नाही. मी एनलार्जरखाली (निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) आधी इमारतीच्या भिंतीसाठी वेळ ठरवते, त्यात तिचा पोत पूर्ण येऊ देते, आणि मगच प्रतिबिंबाकडे बघते. ते फार बुडालं असेल तर हातानं थोडा प्रकाश अडवून अर्ध्या स्टॉपपर्यंत वर आणते, त्याहून जास्त नाही. फ्रेमच्या तळाशी, जिथे छताचं प्रतिबिंब येतं, तिथे तर उलट थोडा जास्त प्रकाश देऊन गडदपणा वाढवला तरी चित्र भक्कम होतं.

पहिली प्रिंट वाळली की ती उलटी करून भिंतीला टेका आणि लांबून बघा. कुठली बाजू खरी आणि कुठली पाण्यातली, हे उलटी असतानाही एका नजरेत कळायला हवं. ते कळत नसेल तर छटांमधला फरक कमी पडला आहे. प्रतिबिंबाला पाव स्टॉप जास्त प्रकाश देऊन दुसरी प्रिंट काढा.